चार वाजले की ट्रेलरचा एसी बंद! मग ते ईएमएस काढूनच टाकायचं का?

पत्र थोडक्यात: डॅलसजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे, नावगाव काढून आणि बरंच कापून देतोय. यंदा त्यांनी सेकंडहँड २८ फुटी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे आरव्ही) घेतला, ३० अँपचा, छतावर एकच १३,५०० बीटीयूचा एसी. अकोल्याहून सासू-सासरे आलेत, म्हणून चार जुलैच्या लाँग वीकेंडला सगळे मिळून टेक्सासातल्याच हिल कंट्रीत ग्वाडालूप नदीजवळच्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवर गेले. सावली हवी म्हणून मुद्दाम मागची, झाडाखालची, रांगेतली शेवटची साईट घेतली. सकाळी एसी लावायच्या आधी मीटरवर ११७ व्होल्ट. दुपारी तीननंतर एसी चालू असताना आकडा १०६, आणि चारच्या सुमाराला १०१ वगैरे दिसायचं की पेडेस्टलवर (साईटवरच्या विजेच्या खांबावर) लावलेलं ईएमएस (व्होल्टेज फार पडलं की वीज तोडणारं संरक्षक यंत्र) अख्ख्या ट्रेलरची लाईन तोडायचं. दोन-सव्वादोन मिनिटांनी लाईन परत यायची, एसी उठायचा, थोड्या वेळाने परत बंद. तीन दिवस हाच खेळ. ऑफिसात सांगितलं तर उत्तर मिळालं की बाकी कुणाची तक्रार नाही. नवरा म्हणतो ईएमएस काढून डायरेक्ट लावू, भारतात १६० व्होल्टवर फ्रिज चालायचे, इथे १०२ वर एसी काय मरणार आहे. सासरे म्हणतात स्टॅबिलायझर घ्या. एका ओळखीच्याने सॉफ्ट स्टार्ट (एसीची मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) सांगितला, दुसऱ्याने जनरेटर. आणि सासूबाई एवढंच म्हणाल्या, "एवढे पैसे घालून उन्हातच बसायचं तर अकोला काय वाईट होतं?" लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) त्याच जागेचं बुकिंग आहे, पैसे भरलेत. ताई विचारतात, डायरेक्ट करू, काहीतरी विकत घेऊ, की ट्रेलरच विकून टाकू?

ताई, नमस्कार.

आधी ईएमएसचं बोलतो, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे, त्याला नाहीये. ते काढू नका. आणि यजमानांना माझ्या नावाने सांगा, म्हणजे भांडण तुमच्यात न होता माझ्याशी होईल.

माझं गाव जळगाव जिल्ह्यातलं, केळीचा पट्टा. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर. एप्रिल-मेमध्ये लाईन डिम यायची, मोटर नुसती घुंघुं करायची पण उचलायची नाही, आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप व्हायचा. केळी तर पाण्याला थांबत नाही. मग गावातला कुणीतरी हुशार माणूस यायचा, रिले काढून दोन वायरी डायरेक्ट करून द्यायचा आणि चहा पिऊन जायचा. मोटर चालायची हो, एक दिवस चालायची, दोन दिवस चालायची, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी जळक्या वार्निशचा वास आणि मोटर टेम्पोत टाकून रिवायंडिंगवाल्याकडे. आमच्या तालुक्याच्या गावी रिवायंडिंगची किती दुकानं होती ते आठवलं की वाटतं, ती सगळी त्या डायरेक्ट करणाऱ्या हुशार माणसांवरच चालली होती.

तुमच्या एसीतला कॉम्प्रेसर म्हणजे तीच मोटर, फक्त एका बंद डब्यात. तिच्यावरचं काम व्होल्टेज कमी झालं म्हणून कमी होत नाही, गॅस तेवढाच दाबायचा असतो, उलट बाहेर ऊन जास्त तितका जास्त जोर लावायचा असतो. आणि अशा मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे १२० वर जेवढा असतो त्याच्या पाऊणच जोर १०४ वर उरतो. तेवढ्या जोरात तेच काम ओढायचं तर ती करंट जास्त घेते, वायंडिंग तापतं. चालू असताना हे एकवेळ निभतं, खरा घात सुरू होताना होतो. असा एसी चालताना १२ ते १५ अँप घेतो, पण उठताना क्षणभर ५०-६० अँप मागतो, आणि त्या क्षणी जर जोर पुरला नाही आणि मोटर फिरलीच नाही तर तो करंट क्षणभराचा राहत नाही. आतला ओव्हरलोड तोडतो, गार झाला की परत जोडतो, परत तेच. आणि हा बंद डबा कुठल्याही रिवायंडिंगवाल्याकडे नेता येत नाही, इथे तर सरळ छतावरचं अख्खं युनिट बदलतात, खर्च हजार डॉलरच्या पुढे.

१६० व्होल्टवर फ्रिज चालायचा ही आठवण माझीही आहे. पण तो फ्रिज १६० वर चालत नव्हता ना, मधे स्टॅबिलायझर होता, जो टकटक करत रिले बदलायचा आणि फ्रिजला दोनशेच्या वर देत होता. ज्यांच्याकडे स्टॅबिलायझर नव्हता त्यांचे फ्रिज गेले, फक्त त्या गोष्टी आपण सांगत बसत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीकडे येतो जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तुम्ही ती सहज लिहून टाकलीत. तुमचा सगळा सूर असा आहे की कॅम्पग्राउंडवाला खराब वीज देतो आणि आम्ही भोगतो. असेल, थोडं तसं आहेच. पण बघा, ईएमएसने लाईन तोडल्यावर दोन-सव्वादोन मिनिटांनी ती परत जोडली. असं मशीन साधारण १०४ च्या खाली असताना जोडत नाही. याचा अर्थ तुमचा ट्रेलर बाजूला झाला की पेडेस्टलवरचं व्होल्टेज वर जात होतं! म्हणजे व्होल्टेज पाडणाऱ्यांत तुम्ही स्वतः पण होतात.

आणि दुसरं, पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय की "चार वाजता आईंचा चहा असतो, केटल लावली की हमखास जातं". ताई, अहो हेच उत्तर आहे जवळजवळ!

जरा हिशोब करू, कंटाळू नका. १५०० वॅटची केटल त्या व्होल्टेजला साधारण ११ अँप घेते. तुमचा आकडा १०६ वरून १०१ झाला, म्हणजे ११ अँपला ५ व्होल्ट गेले. हे खूप आहे. माझ्या अनुभवात चांगल्या पेडेस्टलवर एवढ्या लोडला दोन, फार तर तीन व्होल्ट पडतात. आता त्याच हिशोबाने तुमच्या एसीचे १४ अँप जवळपास ६ व्होल्ट खात असणार, म्हणजे एसीशिवाय चार वाजता तिथे ११२ असावेत. सकाळी ११७ होते. तेव्हा दुपारच्या गर्दीने पाच खाल्ले आणि तुमच्या एसी-केटलने मिळून अकरा. यातला काही भाग पार्कच्याच वायरीचा आहे हे मान्य, पण सगळाच असेल असं नाही, आणि जो तुमच्या हातातला भाग आहे तो आधी तपासायला फुकट आहे.

हातातला भाग म्हणजे काय, तर पेडेस्टलच्या सॉकेटपासून तुमच्या ट्रेलरच्या आतल्या पॅनेलपर्यंत जे जे काही आहे ते. तुम्ही मागची साईट घेतली, ५० फुटांची एक्स्टेन्शन लावली असं लिहिलंय पण कितव्या गेजची (आकडा लहान तितकी वायर जाड) ते लिहिलं नाही. ती जर आरव्हीची जाड १० गेजची असेल तर २५ अँपला अडीचेक व्होल्ट जातात, चालतंय. पण ती जर हार्डवेअरच्या दुकानातली केशरी १४ गेजची असेल, पुढे ॲडॅप्टर लावून, तर सहा व्होल्ट तिथेच गेले, शिवाय ती १५ अँपची वायर आहे, तिच्यावर ट्रेलर चालवणं म्हणजे आगीशी खेळ. वेटोळं करून गवतात ठेवली असेल तर अजूनच वाईट, कारण उष्णता बाहेर पडायला जागा नाही. ट्रेलर थोडा पुढे घेऊन एक्स्टेन्शन टाळता आली तर टाळाच.

मग प्लग. पेडेस्टलचा ब्रेकर पाडायचा, प्लग काढायचा आणि पात्या बघायच्या. पितळ चकचकीत हवं. काळपट, तपकिरी, कुठे प्लास्टिक वितळल्यासारखं दिसलं तर समजा तिथे कॉन्टॅक्ट ढिला आहे. ३० अँपची सॉकेटं बिचारी वर्षानुवर्षं रोज लोकांच्या हातून काढ-घाल होत असतात, आतल्या स्प्रिंगा मरतात. असा एक ढिला जोड नुसते ०.२ ओहम धरून बसला तरी २५ अँपला पाच व्होल्ट खातो आणि सव्वाशे वॅट उष्णता करतो, म्हणजे प्लगच्या आत सव्वाशेचा बल्ब लावल्यासारखं! माझा स्वतःचा प्लग असाच गेला होता, एका जुन्या पार्कात, रात्री वास आला तेव्हा कळलं, आणि तोपर्यंत दोन दिवस मी व्होल्टेज कमी म्हणून पार्कलाच शिव्या देत होतो. आता सवय लागलीये, एसी सुरू होऊन अर्धा तास झाला की जाऊन प्लगला हात लावून बघतो. कोमट ठीक, हात ठेववत नाही इतका गरम असेल तर लगेच बंद करायचं आणि ऑफिसला सांगून सॉकेट बदलून घ्यायचं किंवा साईट.

कुठे पडतंय हे शोधायची सोपी पद्धत: एसी चालू ठेवून पेडेस्टलपाशी ईएमएसवरचा आकडा बघा आणि त्याच वेळी घरातल्या कुणाला तरी आतल्या सॉकेटमध्ये वीस-पंचवीस डॉलरचा साधा प्लगचा मीटर लावून वाचायला सांगा. दोन आकड्यांत दीड-दोन व्होल्टचा फरक ठीक आहे. एक्स्टेन्शन नसताना तीनच्या वर फरक असेल तर गडबड तुमच्या वायरीत किंवा प्लगात. आणि पेडेस्टललाच कमी असेल, ट्रेलरमधला मेन ब्रेकर पाडल्यावरही कमीच असेल, तर मग ते पार्कचं.

इथे ५० अँपची आरव्ही असलेल्या वाचकांसाठी एक धोक्याची गोष्ट मधेच सांगतो, ताई तुमच्याशी संबंध नाही. तुमच्याकडे १२० च्या दोन लाईनी असतात. दोन्ही मिळून कमी झाल्या तर ते लो व्होल्टेज. पण एक १०० आणि दुसरी १४० अशी दिसली, बेरीज मात्र २४० च्या आसपासच, तर ते लो व्होल्टेज नाहीच, न्यूट्रल तुटलाय किंवा ढिला आहे. तिथे विचार करत बसायचं नाही, ब्रेकर पाडा आणि प्लग काढा, नाहीतर टीव्हीपासून मायक्रोवेव्हपर्यंत सगळं जाईल.

आता पार्कवाल्याचं. "बाकी कुणाची तक्रार नाही" हे त्याचं वाक्य खरंही असू शकतं, कारण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांकडे मीटरच नसतो, त्यांचा एसी १०० वर धापा टाकत असतो आणि दोन वर्षांनी मेला की कंपनीला दोष. पण तो फसवतोय असं मी म्हणणार नाही. इथल्या वायरिंगच्या कोडमध्येच आरव्ही पार्कांसाठी असा हिशोब धरलेला आहे की सगळ्या साईट एकाच वेळी पूर्ण लोड घेणार नाहीत. ३६ किंवा जास्त साईट असतील तर एकूण लोडच्या फक्त ४१ टक्के धरून मोठ्या वायरी टाकल्या तरी चालतात. एरवी ते बरोबरच असतं. पण चार जुलै, बाहेर शंभर फॅरनहाईट, प्रत्येक साईट भरलेली, प्रत्येक छतावर एक किंवा दोन एसी, आणि सगळे नदीवरून ओले होऊन एकदमच परत येणार... तो ४१ टक्क्यांचा हिशोब त्या दिवशी कुठून टिकणार? वीज कंपनी मीटरपाशी साधारण ११४ ते १२६ च्या मधे देते, पुढची पार्कातली वायर पार्कची. तिथे व्होल्टेज ड्रॉप ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं कोड सुचवतो, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यात १२० व्होल्टचं राज्य. तेवढ्याच वॅटला आपल्या २३० च्या मानाने इथे करंट जवळपास दुप्पट, त्यामुळे तीच वायर असली तर टक्क्यांत पडझड साडेतीन पटीहून जास्त.

आणि तुमची साईट रांगेत शेवटची! कालव्याच्या टेलला शेत असलेल्या माणसाला विचारा पाणी कसं मिळतं ते. हेडवाले भिजवून घेतात, टेलला ओल पोचली तरी नशीब. पेडेस्टलंही बऱ्याच ठिकाणी अशीच एकामागून एक एकाच केबलवर असतात. तुम्ही सावलीसाठी टेलला गेलात आणि सावलीने एसीचं जेवढं काम वाचवलं त्याहून जास्त त्या केबलने खाल्लं. सावली महत्त्वाची आहेच, पण पुढच्या वेळी फोनवर विचारताना "सावलीची साईट आहे का" याच्या आधी "ट्रान्सफॉर्मरच्या जवळची कुठली" आणि "५० अँपच्या साईटवर मला ३० चा ट्रेलर लावता येईल का" हे विचारा. डॉगबोन ॲडॅप्टर (५० च्या सॉकेटला ३० चा प्लग जोडणारी छोटी वायर) मिळतो, ५० ची वायर जाड असते, सॉकेट बहुतेक वेळा कमी झिजलेलं असतं, आणि तुमच्या ट्रेलरमधला ३० चा मेन ब्रेकर तुम्हाला ३० च्या वर जाऊ देतच नाही. चांगल्या ॲडॅप्टरने लावलं तर हा बदल बरेचदा दोन-चार व्होल्ट देऊन जातो.

सासऱ्यांचा स्टॅबिलायझर. हसू नका हं त्यांना, ते बरोबर बोलतायत. इथे त्याला ऑटोफॉर्मर म्हणतात, आतून तो आपला घरचा स्टॅबिलायझरच, व्होल्टेज खाली गेलं की १० टक्के वर करून देतो. १०४ चे ११४ होतात. ३० अँपचा काहीशे डॉलरला पडतो. पण वीज काही तो पैदा करत नाही, इकडे १० टक्के जास्त व्होल्ट द्यायचे तर पेडेस्टलकडून १० टक्के जास्त करंट ओढतो, म्हणून ३० च्या ब्रेकरवर तुम्हाला वापरायला २७ च राहतात. लोक म्हणतात हा शेजाऱ्याची वीज चोरतो. मला ते अर्धंच पटतं. एसीसारख्या मोटरला नीट व्होल्टेज मिळालं की ती स्वतः करंट कमी घेते, तेव्हा बेरीज-वजाबाकी होऊन फारसं काही बदलत नाही. पण त्याच्यामागे केटल आणि वॉटर हीटर लावलात तर ते २१ टक्के जास्त वॅट ओढतात आणि ते सगळं त्या टेलच्या केबलवरून येतं. आमच्याकडे उन्हाळ्यात एका आळीत सगळ्यांनी स्टॅबिलायझर लावले की काय व्हायचं आठवतंय ना, प्रत्येकजण वर ओढतो आणि आळी अजून डिम. काही पार्कांना हा आवडत नाही, विचारून लावा. आणि मुख्य म्हणजे ढिला प्लग शोधायच्या आधी तर अजिबात नको, कारण त्याच ढिल्या जोडातून तो अजून जास्त करंट नेणार.

सॉफ्ट स्टार्ट मला आवडतो, पण तो तुमच्या दुखण्यावरचं औषध नाही. तो फक्त उठतानाचा झटका निम्म्याहून कमी करतो. एसी उठताना दिवे मिणमिणतात, किंवा छोट्या जनरेटरवर एसी उठतच नाही, अशांनी जरूर घ्यावा. तुमचा एसी उठतोय, चालताना व्होल्टेज पडतंय. तिथे तो काही करणार नाही. जनरेटर म्हणाल तर हुकअपचे (साईटवरच्या वीज-पाण्याच्या जोडणीचे) पैसे देऊन बाहेर जनरेटर गुरगुरत ठेवायचा, पार्कची परवानगी, रात्रीचे शांततेचे तास, त्याचा धूर खिडकीतून आत येणार नाही ना ही धास्ती... दोन वयस्कर माणसं आत झोपलेली असताना मी तरी त्या वाटेला जाणार नाही.

मग राहिलं काय, तर शिस्त, आणि ती फुकट आहे. दुपारी दोन ते आठ ट्रेलरमधली वीज फक्त एसीची. वॉटर हीटर विजेवर असतो त्यात जवळपास १२ अँप जातात, तो प्रोपेनवर करा. फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर तोही. इन्स्टंट पॉटचा वरण-भात सकाळी अकराला करून ठेवा किंवा शेगडीवर करा. मायक्रोवेव्ह बंद. आणि चहा गॅसवर, बाहेर कॅम्पस्टोव्हवर, आतल्या शेगडीने उगीच ट्रेलर तापतो. केटलचा चहा सासूबाईंना तसाही आवडत नसणार, पातेल्यातला उकळलेलाच आवडत असणार, पैज!

एसीला मदत करायची ती अशी: छतावरची व्हेंटची झाकणं आणि स्कायलाईट आतून चंदेरी फोमने बंद करा, उन्हाकडच्या खिडक्याही. ऑनिंग (ट्रेलरच्या बाजूचं कापडी छप्पर) उघडा. फिल्टर धुवा, सेकंडहँड आहे तर छतावर चढून कंडेन्सरची कॉइल पण साफ करा, मागच्या मालकाने बहुतेक कधी बघितलीच नसेल. आणि एसी सकाळी नऊ-दहालाच लावा, ट्रेलर गार असताना. या खोक्याच्या भिंती पातळ, दुपारी ९५ झाल्यावर एसी लावला तर तो संध्याकाळपर्यंत धावत राहतो तरी पोचत नाही. हा एसी आत ओढलेली हवा साधारण २० फॅरनहाईटने गार करून सोडतो, जादू करत नाही, तेव्हा १०२ च्या उन्हात ७० वर थर्मोस्टॅट लावून चिडण्यात अर्थ नाही, ७८ मिळाले तर खूप मिळाले. बंद केलात तर तीन-चार मिनिटं थांबूनच परत लावा, आतलं प्रेशर बसू द्या.

आणि एवढं करूनही चार वाजता आकडा १०४ ला टेकला तर? बंद करा आणि बाहेर पडा. पुन्हा पुन्हा तुटून जोडण्यापेक्षा तुम्ही स्वतः तीन तास बंद ठेवलेला बरा. जवळ नदी आहे, न्यू ब्रॉनफेल्सला कोमाल नदीचं पाणी झऱ्याचं, वर्षभर ७० फॅरनहाईटच्या आसपास असतं. खुर्च्या टाकून पाय सोडून बसायला लावा दोघांना. ज्यांना बीपी-शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांना मात्र बंद ट्रेलरमध्ये "थोडा वेळ" म्हणूनही ठेवू नका, सरळ गाडीचा एसी लावून कुठल्यातरी लायब्ररीत नाहीतर मोठ्या ग्रोसरीत नेऊन बसवा.

आता सासूबाईंचं वाक्य. तुम्ही ते दोनदा लिहिलंय पत्रात, म्हणजे लागलंय. मला त्यात टोमणा कमी दिसतो, तुम्हाला जास्त दिसतो. अकोल्याच्या माणसाला ऊन नवीन नाही. त्यांना तीन दिवस उन्हाचा त्रास झाला की दर पंधरा मिनिटांनी मुलगा घामाघूम होऊन पेडेस्टलकडे पळतोय, सून चिडलीये, नातवंडं रडतायत, याचा त्रास झाला? तुम्हीच लिहिलंय की सासरे झाडाखाली खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसले होते आणि मजेत होते. यजमानांचं पण बघा, ट्रेलर त्यांनी हौसेने घेतला, आईवडिलांना दाखवायचा होता, आणि नेमका तिथेच पचका झाला. "डायरेक्ट करू" हे त्या लाजेतून येतंय असं मला वाटतं. त्यांना मीटर आणि वही द्या हातात, आकडे लिहू देत. वेळ टाकून फोटो काढले तर तेच फोटो ऑफिसात दाखवता येतील, "व्होल्टेज कमी आहे" यापेक्षा "४ वाजून १० मिनिटांनी ब्रेकर पाडून १०५" याला उत्तर द्यावं लागतं, आणि साईट बदलून मिळायची शक्यता वाढते.

लेबर डे. टेक्सासात तेव्हाही ऊनच असतं, गर्दी तीच. तिथेच जायचं तर आजच फोन करून ५० अँपची, पुढची साईट मागा, नाही म्हणाले तर डिपॉझिट बुडालं तरी दुसरीकडे जायचा विचार करा. माझं मत विचाराल तर उंचीवर जा. डेव्हिस माउंटन्स स्टेट पार्क, फोर्ट डेव्हिसपाशी, साधारण ५,००० फूट, हुकअप आहेत, हवा कोरडी, रात्री खिडकी उघडून झोपता येतं. डॅलसहून सात-आठ तासांचा रस्ता आहे, म्हाताऱ्यांसाठी मधे एक मुक्काम करा. जवळच मॅकडोनाल्ड ऑब्झर्वेटरी आहे, सासऱ्यांना पुस्तकांची आवड दिसते, त्यांना ते आकाश दाखवा. दुपारी कोरड्या हवेत ओला पंचा दाराला लावून पंखा सोडला तरी काम होतं, आणि ती विद्या अकोलेकरांना तुम्ही शिकवायची गरज नाही.

ट्रेलर विकायचं यातलं काहीही करून बघायच्या आधी ठरवू नका. या शनिवारी घरासमोरच दोन गोष्टी करा, प्लगच्या पात्या बघा आणि एक्स्टेन्शनवर छापलेला गेजचा आकडा वाचा. १४ किंवा १६ लिहिलेलं असेल तर ती गॅरेजमध्ये ड्रिलसाठी ठेवून द्या. पुढच्या मुक्कामी तीन आकडे लिहून मला पाठवा: ट्रेलरमधला मेन ब्रेकर पाडून पेडेस्टलवर किती, एसी चालू असताना पेडेस्टलवर किती, आणि त्याच मिनिटाला आत किती. केटल न लावता.